जुन्या फोनवर कोड पाठवला आहे

नवा मोबाइल विकत घेणं आता इतकं सोपं झालंय की त्यात काही मजाच राहिलेली नाही. दुकानात जा, हप्ते बांधून घ्या, पिशवी हलवत बाहेर या. तेवढेही कष्ट नको असतील तर घरबसल्या बोट दाबा, एक-दोन दिवसांत पोरगा खोकं घेऊन दारात हजर. ज्यांनी टेलिफोनच्या प्रतीक्षायादीचा काळ पाहिलाय त्यांना हे अजूनही खरं वाटत नाही. आमच्या मिरजेच्या घरात फोन यावा म्हणून आजोबांनी अर्ज केला तेव्हा वडील कॉलेजात होते. फोन आला तेव्हा ते माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करत होते. मधल्या काळात खासदारांची पत्रं झाली, टेलिफोन खात्यातल्या कुणाच्या तरी मेहुण्याची ओळख निघाली, ‘ओ. वाय. टी.’ नावाच्या योजनेत जास्तीचे पैसे भरून रांगेत पुढे सरकण्याचे बेत झाले आणि बारगळले.

पण एकदा तो आला की आला. लाइनमन सायकलवरून आला. खिडकीच्या चौकटीला भोक पाडून त्याने वायर आत घेतली, काळा जड ठोकळा तिपाईवर ठेवला, रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाला, “टोन आला.” चहा प्याला, सही घेतली, गेला. संपलं. आजीने फोनवर विणलेला रुमाल घातला, आजोबांनी आळीत पेढे वाटले. त्या ठोकळ्याने आजोबांना त्यांची जन्मतारीख विचारली नाही की त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव विचारलं नाही. रिसीव्हर उचलणारा माणूस घरातलाच असणार, एवढा विश्वास त्याला होता.

हल्लीच्या फोनचं बरोबर उलटं. तो येतो झटक्यात, आणि आला की चौकशी लावतो. तुम्ही कोण? कशावरून? पुरावा काय? आणि हा पुरावा नेमका कुठे पाठवलेला असतो, तर तुमच्या जुन्या फोनवर. म्हणजे जो तुम्ही सकाळीच देऊन टाकलेला असतो.

या विषयाचा माझा अभ्यास आत्यामुळे झाला. आत्या मिरजेतच राहते, गणिताची निवृत्त शिक्षिका, वय ७५ च्या पुढे. तिचा जुना फोन व्यवस्थित चालत होता. फोन लागायचा, ऐकू यायचं, फोटो दिसायचे. फक्त एके दिवशी बँकेच्या ॲपने सांगितलं की हा फोन आता जुना झाला, यावर मी चालणार नाही. पुढचं अँड्रॉइड हवं. ते या फोनला मिळणार नव्हतं, कारण कंपनीने तसं ठरवलं होतं. लग्नात आलेला प्रेशर कुकर नुसती रिंग बदलून आजही वापरणाऱ्या बाईला हे समजावणं फार अवघड आहे. “बिघडलंय काय त्यात?” एवढाच तिचा प्रश्न होता, आणि त्याला खरंच उत्तर नाही.

नवा फोन ऑनलाइन मागवला. जुना बदल्यात दिला तर किंमत चांगली कमी होत होती, आणि कमी होणारी किंमत सोडून देणं आत्याच्या गणितात बसत नाही. ठरल्या दिवशी पोरगा आला. एका हातात खोकं, दुसरा हात पुढे.

“आज्जी, जुना फोन द्या. खातं काढून, सगळं पुसून द्या. रिसेट मारा.”

“अरे, पण नवा अजून चालू कुठं झालाय?”

“ते नंतर हुतंय ओ. माझ्या अजून लई डिलिव्हऱ्या हायत.”

त्याची मोटरसायकल खाली चालूच होती. त्याने जुन्या फोनच्या काचेवरून बोट फिरवलं, कोपऱ्यातली रेघ बघितली, नापसंतीने ‘च्यक्’ केलं, आणि तिच्या आयुष्याचा सगळा दस्तऐवज पुसून, पिशवीत टाकून निघून गेला. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या वातानुकूलित खोलीत बसून ही अदलाबदल कुणी आखली असेल त्याने स्वतः कधीही फोन बदललेला नसावा. नव्या घराचं कुलूप उघडतंय का हे बघायच्या आधीच जुन्या घराच्या किल्ल्या मालकाच्या हाती ठेवून रस्त्यावर सामान मांडून बसावं, तसे आम्ही सोफ्यावर खोकं मांडून बसलो.

खोक्यात चार्जर नव्हता. ही फॅशन ॲपलने २०२० मध्ये पर्यावरणाच्या नावाने आणली. त्यावर विनोद करणाऱ्या इतर कंपन्यांनीही पुढे हळूच तेच केलं. पर्यावरणाची चिंता एवढी, तर चार्जर न दिल्याबद्दल फोनची किंमतही कमी व्हायला हवी होती, पण पर्यावरणाला बहुधा ते सोसत नसावं. चार्जरऐवजी एक बारीक पिन होती, आणि एक घडीची पुस्तिका. तिच्यातला टाइप इतका बारीक की वाचायला फोनचा कॅमेरा मोठा करून धरावा लागला असता, आणि कॅमेरा चालू कसा करायचा ते त्या पुस्तिकेत होतं.

पिनेचा उपयोग सिमचा खण उघडायला. ती पिन पाच मिनिटांत हरवते हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यानंतर घराघरांतून कानातल्याची दांडी, पेपर क्लिप, उदबत्तीची काडी असे प्रयोग होतात. आत्याने कपाटातून शिवणाची सुई काढली आणि खण उघडला. आतल्या खाचेला मात्र तिचं सिम बसेना. १९९१ मध्ये जर्मनीतल्या एका कंपनीने फिनलंडसाठी पहिली सिम कार्डं बनवली तेव्हा ती आजच्या एटीएम कार्डाएवढी होती. मग ती नखाएवढी झाली. पुढे २०१० च्या सुमारास त्याहून लहान, आणि २०१२ पासून आणखी लहान. दर वेळी फोनवाल्यांनी खाच बदलली की आपल्याकडे पानपट्टीशेजारच्या दुकानात एक नवा कारागीर तयार व्हायचा. स्टेपलरसारखं पंच घेऊन तो दहा रुपयांत सिम कापून द्यायचा. आत्याचं सिम अशाच एका कलावंताच्या हातून उतरलेलं होतं. एक कड तिरकी. जुन्या फोनने ते चालवून घेतलं. नव्याने खण बंदच होऊ दिला नाही, आणि आम्ही जरा जोर लावल्यावर सिमने प्राण सोडला.

म्हणजे आता नवं सिम हवं. नंबर तोच.

इथे कुणीही शहाणा माणूस म्हणेल, नंबरच बदलून टाका की. असं म्हणणाऱ्याने हल्ली नवा नंबर घेतलेला नसतो. नवा नंबर नवा नसतोच. बंद पडलेला नंबर ९० दिवस बाजूला ठेवतात आणि मग दुसऱ्या कुणाला तरी देतात. माझ्या चुलतभावाला असाच एक ताजा नंबर मिळाला. आधीचा मालक मोठा उद्योगी गृहस्थ असावा. सकाळी वसुलीवाले, दुपारी त्याची गाडी विकत घ्यायला आलेले, रात्री उशिरा एक बाई, जी काही न बोलता फोन ठेवून द्यायची. भाऊ सगळ्यांना सांगून थकला की मी तो नव्हे. वसुलीवाला म्हणाला, “सगळे असंच म्हणतात.” या देशात आपण तो नव्हे हे सिद्ध करणं तर आणखी अवघड.

तेव्हा आम्ही मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेलो. तिथे काचेचं दार, थंडगार हवा, आणि एकसारखे शर्ट घातलेली मुलं. त्यातल्या एकाने आधी आत्याला ई-सिम सुचवलं. “सिमच नाही आज्जी, खण नाही, पिन नाही. मेलवर एक चौकोनी कोड येतो, तो स्कॅन करायचा.” आत्याने विचारलं, “मेल कुठं उघडायचा?” “फोनवर.” “आणि स्कॅन कशानं करायचा?” “फोननं.” “त्याच?” मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दुसरा फोन असतो ना घरात.” दुसरा फोन असतो ना घरात, हे या सगळ्या व्यवस्थेचं ब्रीदवाक्य आहे.

साधं प्लास्टिकचं सिम मागितल्यावर ओळख पटवणं आलं. पूर्वी सिम घ्यायला रेशनकार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचा एक फोटो पुरायचा, आणि फोटोतला माणूस कोण याच्या खोलात दुकानदार जात नसे. मग आधार आलं, ‘नंबर आधारशी जोडा नाहीतर बंद होईल’ असे मेसेज येऊ लागले. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती काढून टाकली. २०२४ च्या पहिल्या तारखेपासून कागदी अर्जच बंद झाले आणि सगळं डिजिटल झालं. डिजिटल म्हणजे काय, तर आत्याने अंगठा यंत्रावर ठेवला आणि यंत्राने तो नाकारला. दुसरा अंगठा नाकारला. मग एकेक बोट. चाळीस वर्षं खडू आणि लाकडी डस्टर धरलेल्या हाताला ठसे उरत नाहीत, हे यंत्राला कुणी शिकवलेलं नव्हतं. मुलाने तिच्या बोटांना काउंटरवरचा ओला स्पंज लावून पाहिला, स्वतःच्या शर्टाला यंत्राची काच पुसून पाहिली. शेवटी म्हणाला, “चेहऱ्यानं करू. आज्जी, कॅमेऱ्याकडं बघा. आता डोळे मिचकवा.”

आत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे अशी नजर टाकली की तिच्या वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरं आजही ती ओळखतील.

“काय करू?”

“म्हणजे उघडझाप करा. जिवंत आहे का बघतंय ते.”

खरं तर याची तिला सवय आहे. दर नोव्हेंबरला ती निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देते. पूर्वी बँकेत जाऊन रजिस्टरवर सही केली की ती आणखी एक वर्ष जिवंत राहायची. आता तेही फोनवर चेहरा दाखवून होतं. पण वर्षातून एकदा जिवंत असणं निराळं आणि एका दुपारी पुन्हा पुन्हा जिवंत असणं निराळं. तिने उघडझाप केली. यंत्र म्हणालं, उजेड कमी. खुर्ची हलवली. यंत्र म्हणालं, चष्मा काढा. चष्मा काढल्यावर कॅमेरा कुठे आहे ते तिला दिसेना. अखेर भिंतीवरच्या जाहिरातीतल्या हसऱ्या नटीकडे बघत तिने पापण्या मिटल्या आणि उघडल्या, आणि हिरवी बरोबरची खूण आली. रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

सिम मिळालं. दारातून बाहेर पडताना मुलाने मागून हाक मारून सांगितलं, “आज्जी, चोवीस तास मेसेज येणार नाहीत हं. जाणारही नाहीत. सरकारचा नियम.”

“आणि ओटीपी?”

“तो पण मेसेजच ना आज्जी.”

हा नियम खरा आहे आणि तो आत्याच्या भल्यासाठी आहे, हे आधी सांगायला हवं. भामटे कुणाच्या तरी नावाने खोटी कागदपत्रं देऊन त्याच्या नंबरचं नवं सिम काढतात, खऱ्या मालकाचा फोन मुका होतो, आणि त्याला काय झालं हे कळेपर्यंत ओटीपी भामट्याच्या हातात आणि पैसे तिसऱ्याच राज्यात पोचलेले असतात. म्हणून सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद. खऱ्या मालकाला ओरडायला वेळ मिळावा. त्याच कारणासाठी सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. नियम करणाऱ्याचं चुकलेलं नाही. पण फोन सुरू होताना भेटणारा प्रत्येक नियम वेगळ्या कचेरीत झालेला आहे, आणि त्या प्रत्येक कचेरीने गृहीत धरलं आहे की बाकीच्या सगळ्या त्या वेळी उघड्या असतील. दूरसंचार खातं म्हणतं एक दिवस मेसेज नाही. बँक म्हणते मेसेज आल्याशिवाय आत येऊ देणार नाही. ई-मेल म्हणतो बँक वगैरे आम्हाला माहीत नाही, आम्ही जुन्या फोनवर कोड पाठवला आहे. आणि या तिघांच्या मध्ये एक बाई विजेचं बिल भरायचं म्हणून उभी आहे, आज शेवटची तारीख.

ई-मेलचं प्रकरण वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालं. फोन सुरू होताना जगातल्या झाडून सगळ्या भाषांत नमस्कार करतो, आणि आत्याने मराठीला बोट लावल्याबरोबर पहिला प्रश्न विचारतो, खातं आहे का? खातं होतं. पासवर्ड जुन्या फोनलाच पाठ होता. ‘पासवर्ड विसरलात?’ या ओळीवर बोट ठेवलं. आधी आम्ही माणूस आहोत हे सिद्ध करायचं होतं. नऊ चौकोनांत एका रस्त्याचा फोटो कापून ठेवलेला. ज्या चौकोनांत सिग्नल आहे ते निवडा. तो रस्ता अमेरिकेतला, सिग्नल आडव्या खांबाला टांगलेला. आत्याने विचारलं, “खांब धरायचा का?”

“म्हणजे?”

“सिग्नलमध्ये खांब येतो की नाही? व्याख्या दिलीय का कुठं?”

व्याख्या दिलेली नव्हती. तिने खांबासकट चौकोन निवडले, कारण खांबाशिवाय सिग्नल उभा राहू शकत नाही. यंत्राने तिला नापास केलं आणि पुढच्या पेपरात मोटरसायकली दिल्या. एका चौकोनात मोटरसायकलचा फक्त आरसा होता. ज्या बाईने हजारो उत्तरपत्रिका तपासल्या तिला असा प्रश्न घालणाऱ्यावर काय वाटलं असेल ते मी इथे लिहीत नाही.

ते पार पडल्यावर सुरक्षेचा प्रश्न आला. ‘तुमच्या आवडत्या शिक्षकांचं नाव काय?’

आत्या खुशीत आली. तिने तिच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांचं नाव टाकलं. चूक. आडनाव आधी घालून पाहिलं. चूक. शाळेतल्या मुख्याध्यापकांचं. चूक. मग लक्षात आलं की हे खातं तिने उघडलेलंच नव्हतं. सेवानिवृत्तीच्या सुमारास तिच्याच एका विद्यार्थ्याने घरी येऊन ते उघडून दिलं होतं. तो आता पुण्यात आयटीत आहे. म्हणजे उत्तर त्याने दिलेलं असणार. आत्याच्या चेहऱ्यावर एक मंद हसू आलं. “वेडा आहे,” ती म्हणाली, आणि तिने त्या जागी स्वतःचं नाव टाइप केलं.

चूक.

‘बाई’ जोडून केलं. नुसत्या आडनावाने केलं. इंग्रजीत, मराठीत. सगळं चूक. शेवटी माझ्या फोनवरून पुण्याला फोन लावला. तिकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “बाई, ते घाईत टाकलेलं हो. असं काही नाही.” पुन्हा शांतता. “भूगोलाचे सर टाका.”

नाव बरोबर निघालं. खातं उघडलं. आत्या त्यानंतर संध्याकाळपर्यंत फोनशी बोलली नाही. भूगोलाचे सर वर्गात नकाशा टांगून झोपायचे, एवढंच ती दोनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चोवीस तास संपले आणि तरी मेसेज येईनात. ग्राहक सेवा केंद्राला फोन करणं आलं. तिथे मराठीसाठी कुठलं तरी बटण असतं, ते दाबल्यावर मराठीत सांगतात की आमचे सगळे प्रतिनिधी व्यस्त आहेत, आणि मग प्रतिनिधी हिंदीत बोलतात. ‘तुमच्या नोंदणीकृत क्रमांकाचे शेवटचे पाच अंक सांगा’ असं म्हणून झाल्यावर त्या मुलीने सांगितलं की तिने त्या क्रमांकावर आत्ता एक कोड पाठवला आहे, तो वाचून दाखवा. मी म्हणालो, मेसेज येत नाहीत हीच तक्रार आहे. ती म्हणाली, हो सर, पण तक्रार नोंदवायची तर आधी कोड लागेल. मुलीचा आवाज अतिशय गोड होता. तिच्यावर रागावणं शक्य नव्हतं, आणि तिला तिथे बसवण्यामागचा हेतूही बहुधा तोच.

संध्याकाळी आपोआप मेसेज सुरू झाले. एकदम सगळे. तुंबलेले ओटीपी एकामागून एक कोसळले, प्रत्येकाची मुदत कधीच संपलेली, आणि प्रत्येकाखाली ताकीद की हा कोणालाही सांगू नका. आता सांगून तरी काय होणार होतं?

पुढे यूपीआय. हे ॲप उलट चालतं. ते मेसेज मागत नाही, आपल्या फोनमधून स्वतःच बँकेला मेसेज पाठवतं आणि खात्री करून घेतं की सिम याच फोनात आहे. छान कल्पना आहे. फक्त त्या मेसेजला पैसे पडतात आणि आत्याच्या रिचार्जमध्ये नेमके तेवढेच पैसे शिल्लक नव्हते. रिचार्ज करायचं तर पैसे यूपीआयने द्यायचे. मी माझ्या फोनवरून ते केलं. दुसरा फोन असतो ना घरात. खातं जोडल्यावर कळलं की पहिले चोवीस तास ५ हजारांच्या वर पैसे पाठवता येणार नाहीत, कारण फोन नवा आहे. विजेचं बिल त्याहून कमी होतं, म्हणून तेवढं तरी भरून झालं, विलंब आकारासह.

पण दरम्यान आत्या दोन दिवस रोख रकमेवर जगली, आणि त्यात एक शोध लागला. मिरजेच्या मंडईत आता सुट्टे पैसे शिल्लक राहिलेले नाहीत. आत्याने मेथीच्या जुडीसाठी पाचशेची नोट पुढे केली तर भाजीवाल्या मावशींनी ती नोट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “स्कॅनर लावलाय की तितं.” आत्या म्हणाली, फोन चालू व्हायचाय. मावशींनी मोठ्या कणवेनं मेथी पिशवीत घातली आणि म्हणाल्या, “असू दे, उद्या द्या.” ओळख पटवायला अंगठा नाही, चेहरा नाही, भूगोलाचे सर नाहीत. त्या दोन दिवसांत आत्यावर विश्वास ठेवलेली ही एकमेव संस्था.

व्हॉट्सॲपबद्दल फार लिहीत नाही. ते सुरू झालं तेव्हा विचारलं, जुने संदेश परत आणू का? आत्याने हो म्हटलं, आणि रात्रभर घरातलं वाय-फाय लावून दहा वर्षांतले सगळे गुलाबाचे शुभ सकाळ, सगळे नाचणारे गणपती आणि कोमट पाण्याचे सगळे फायदे परत आले. बँकेला जे जमलं नाही ते कोमट पाण्याने करून दाखवलं.

आता शेवटचं पात्र. समोरच्या बिल्डिंगमधला अकरावीतला मुलगा. या प्रकारच्या प्रत्येक हकिकतीत असा एक मुलगा येतो आणि दोन मिनिटांत सगळं करून देतो, तसा हाही आला. त्याची गती बघत राहावी अशी होती. नियम आणि अटींची लांबलचक पानं त्याने एका झटक्यात तळाशी नेली आणि सहमती दिली. टॉर्चच्या ॲपने संपर्कयादी मागितली, दिली. हवामानाच्या ॲपने कॅमेरा मागितला, दिला. पावसाला आत्याचा चेहरा कशाला हवाय, हे विचारायला मी तोंड उघडलं तोवर तो पुढच्या पानावर होता. शेवटी सुरक्षेसाठी म्हणून त्याने पडद्यावर नऊ ठिपक्यांमधून बोट फिरवून एक सुंदर नक्षी काढली, “हे कुलूप, आजी,” असं म्हणून चहा प्याला, आणि क्लासला गेला. नक्षी कुठली ते विचारायचं राहिलं. त्याचा फोन क्लासमध्ये बाहेर जमा करतात. रात्री साडेनऊपर्यंत आत्याचा फोन वाजत होता, कोण फोन करतंय त्याचं नाव दिसत होतं, उचलता येत होतं, पण तिला स्वतःहून कुणालाही फोन करता येत नव्हता. म्हणजे आजोबांच्या काळ्या ठोकळ्यात ट्रंक कॉल बुक करून तरी बाहेर जाता यायचं, इथे तेवढंही नाही.

१९९५ च्या ३१ जुलैला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला, तो आपल्या देशातला पहिला मोबाइल कॉल धरतात. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांच्या घरात दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. लोक मिस्ड कॉल देऊन संसार करायचे. आता बोलणं जवळपास फुकट झालं आहे. बोलायला लागण्याआधीचं सगळं मात्र महाग आहे, आणि ते पैशांत मोजत नाहीत म्हणून कुणी त्याचा दर कमी करत नाही. माझं मत विचाराल तर जुन्या फोनची अदलाबदल नवा फोन पूर्ण चालू झाल्यावर आठवड्याने करायची, एवढा एक नियम कंपन्यांवर घाला; निम्म्या महाराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिकांची रक्तदाबाची औषधं वाचतील.

तो नियम येईपर्यंत वाचकांना एवढीच विनंती. नवा फोन घ्यायचा असेल तर जुना निदान महिनाभर घरातून हलू देऊ नका, दारातल्या पोराने कितीही घाई केली तरी. सिम महिन्याच्या शेवटी आणि बिलाच्या तारखेला बदलू नका. पासवर्ड एका वहीत लिहून ठेवा. तज्ज्ञ नको म्हणतात, पण तज्ज्ञ तुमच्याबरोबर गॅलरीत येत नाहीत. आणि कुणा शिक्षकांचं ई-मेल खातं उघडून देण्याची वेळ आलीच, तर आवडत्या शिक्षकांच्या रकान्यात कृपा करून त्यांचंच नाव घाला.